वेगाला हक्काची जागा

गळीत हंगाम सुरू झाला की शिरूरमधल्या माझ्या रात्रींचे स्वरूप बदलते. पाटस, आलेगाव अशा साखर कारखान्यांच्या दिशांनी उसाची वाहतूक अहोरात्र चालू होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या कडेबाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने झाकलेला. शिरूर-चौफुला रस्त्यावर किंवा पुणे-नगर महामार्गावर अशा ट्रॉलीला मागून धडकलेला तरुण मध्यरात्री माझ्यासमोर येतो. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून मी त्याचा पाय पाहत असतो आणि तो, शुद्धीवर असेल तर, एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत असतो : "सर, ट्रॉली दिसलीच नाही ओ."

ते वाक्य खरे असते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 22 मीटर अंतर कापते. डोळ्याने पाहिलेले मेंदूला उमगून हात ब्रेकपर्यंत पोहोचेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच 33 मीटर रस्ता मागे पडलेला असतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतात डोळे दिपलेले असताना तेवढ्या अंतरावरची काळी ट्रॉली दिसणे जवळजवळ अशक्य. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हा शाळेत शिकलेला नियम मी क्ष-किरणांच्या चित्रांत रोज वाचतो. नुसता घसरून पडलेल्याचे मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडते. आदळलेल्याची मांडी मोडते, कधी दोन ठिकाणी, कधी हाड कातडीबाहेर आलेले असते. पडणे आणि आदळणे यांतला हा भेद मी व्यवसायामुळे जाणत होतो. त्याचा पूर्ण अर्थ मात्र मला चेन्नईजवळच्या एका ट्रॅकवर समजला.

वेगाच्या परिणामांशी रोज गाठ पडणाऱ्या माणसाने वेगाचा तिरस्कार करावा, अशी लोकांची अपेक्षा असते. माझी स्थिती तशी नाही. मी विद्यार्थिदशेपासून मोटारसायकल चालवतो आणि आजही पहाटे पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरताना मन प्रसन्न होते. समोर पडलेल्या मुलाला जे खेचून घेऊन गेले, त्याची ओढ मला परकी नाही. म्हणूनच त्याला केवळ उपदेश करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटत असे. ही ओढ कोठे न्यावी, तिला शिस्त लागते का, आणि लागली तर तिचे काय होते, हे आधी स्वतः पाहावे, या हेतूने मी माझ्या पहिल्या ट्रॅक डेसाठी, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायला शिकण्याच्या दिवसासाठी, नाव नोंदवले. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली माझी केटीएम ड्यूक पुणे स्टेशनवर पार्सलमध्ये दिली. टाकीतले पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून ती पुढे गेली आणि दोन दिवसांनी मी दौंडहून चेन्नईची गाडी पकडली.

चेन्नई-बंगळुरू महामार्गालगत, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. लांबी 3.717 किलोमीटर, वळणे 12. हा ट्रॅक होण्यापूर्वी कित्येक दशके मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या धावपट्टीवर होत. दुसऱ्या महायुद्धात बांधलेली आणि नंतर ओस पडलेली ती धावपट्टी होती. 1990 मध्ये इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक उभा राहिला आणि भारतीय शर्यतींना कायमचे घर मिळाले.

सकाळची पहिली गोष्ट म्हणजे गाडीची तपासणी. हेडलाइट आणि इंडिकेटर यांवर चिकटपट्टी लावायची, कारण गाडी पडली तर काच ट्रॅकवर विखुरता कामा नये. ब्रेकचे पॅड, साखळीचा ताण, टायर आणि त्यांतली हवा, सारे हाताने तपासले जाते. आणि मग आरसे काढायचे. रस्त्यावर आरशाशिवाय गाडी चालवणे हा बेजबाबदारपणा, म्हणून ही सूचना ऐकून मी क्षणभर थांबलो. प्रशिक्षकांनी कारण सांगितले : येथे मागे काय आहे याची काळजी पुढच्याने करायची नाही. पुढच्या स्वाराने आपल्या रेषेवर स्थिर राहायचे. त्याला सुरक्षितपणे ओलांडून जाण्याची संपूर्ण जबाबदारी मागून येणाऱ्याची, म्हणजे ज्याचा वेग अधिक, ज्याचे कौशल्य अधिक, त्याची.

या नियमावर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. आपल्या रस्त्यांवर व्यवहार नेमका उलटा चालतो. मोठा आणि वेगवान तो हॉर्न वाजवतो, आणि लहानाने, संथाने, पायी चालणाऱ्याने बाजूला व्हायचे असते. सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने चालणारी बाई आणि टायरगाडीत झोपलेला ऊसतोड कामगार यांनी सावध राहावे, असे आपण गृहीत धरतो. शक्ती ज्याच्या हाती, कर्तव्यही त्याचेच, हे तत्त्व राज्यकारभाराविषयी बोलताना आपण सहज मान्य करतो. मला ते पेट्रोलचा वास येणाऱ्या एका शेडमध्ये अत्यंत व्यावहारिक रूपात भेटले.

त्यानंतर झेंड्यांचे वर्ग. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडण्यास मनाई. लाल म्हणजे सत्र थांबले, हात वर करून सावकाश पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्याच्या मार्गिकेत, परत या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढचा पृष्ठभाग निसरडा. काळा तुमच्या दिशेने दाखवला तर ताबडतोब आत या. प्रत्येक टप्प्यावर झेंडे घेतलेले मार्शल उभे असतात आणि त्यांचे मुख्य काम सतत पाहत राहणे हे आहे. पिट लेनच्या तोंडाशी रुग्णवाहिका ट्रॅककडे तोंड करून उभी होती. ती जागेवर नसेल तर सत्र सुरूच होत नाही, हे आम्हांला ब्रीफिंगमध्ये सांगण्यात आले. माझ्यातला डॉक्टर त्या वाक्याशी बराच वेळ रेंगाळला.

पहिल्या सत्रात आम्ही नवखे प्रशिक्षकांच्या मागे एका ओळीत निघालो. वळण कोठे सुरू करायचे, त्याच्या आतल्या कडेला कोठे स्पर्श करायचा आणि कोठून बाहेर पडायचे, हे शंकू ठेवून दाखवलेले होते. मला वाटले होते की मुख्य अडचण भीतीची असेल. अडचण निघाली नजरेची. रस्त्यावर चालवताना माझी नजर पुढच्या चाकापासून दहा-पंधरा मीटरवर खिळलेली असते, कारण खड्डा, कुत्रा, वाळू, गतिरोधक यांचा शोध तिथेच घ्यावा लागतो. ट्रॅकवर ही सवय घातक ठरते. गाडी नजरेच्या मागे जाते. वळणाच्या कडेकडे पाहिले की गाडी कडेकडे ओढली जाते; मान वळवून वळणाच्या शेवटाकडे पाहिले की तीच गाडी, त्याच वेगात, विनासायास वळते. उजवीकडे वळताना उजवे हँडल किंचित पुढे ढकलायचे असते, हेही शरीराला नव्याने शिकवावे लागले. वर्षानुवर्षे हात ते नकळत करत होते. जाणीवपूर्वक करताना प्रथमच त्यांवर माझा ताबा आला.

सरळ पट्ट्याच्या शेवटी पहिले वळण येते, ज्याला तेथील लोक 'सी-वन' म्हणतात. ते उजवीकडचे वेगवान वळण आहे. त्याच्या अलीकडे कोठे ब्रेक लावायचा याची खूण स्वतः निश्चित करायची असते. प्रथम मी फार लवकर ब्रेक लावत होतो. फेरीगणिक खूण थोडी पुढे सरकवत गेलो आणि एका फेरीत पुढचा ब्रेक पूर्ण जोराने दाबला तेव्हा लिव्हर बोटांखाली थरथरू लागला. चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा काम करत होती. गाडी सरळ राहिली, वेग ओसरला, वळण मिळाले. त्या क्षणी मला कोणत्याही आनंदापेक्षा अधिक तीव्रतेने माझे रुग्ण आठवले. 1 एप्रिल 2019 पासून आपल्या देशात 125 सीसीवरील सर्व नव्या दुचाक्यांना एबीएस बंधनकारक आहे. परंतु ती थरथर किती मुलांनी आयुष्यात एकदा तरी, सुरक्षित जागी, मुद्दाम अनुभवलेली असते? ज्याला ती अपरिचित आहे तो संकटाच्या क्षणी दचकून ब्रेक सोडतो. "ब्रेकमध्ये काहीतरी खडखडलं म्हणून सोडला," असे सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. यंत्रात सुरक्षा आली, हातांत आली नाही. वाहन परवान्याच्या चाचणीत आपण आठचा आकडा काढून दाखवतो, चालण्याच्या वेगाने, पाय न टेकता. ताशी 60 वरून गाडी थांबवून दाखवा, असे कोणी सांगत नाही, कारण तसे सांगण्याजोगी जागाच नाही.

सत्र जेमतेम वीस मिनिटांचे असते. तेवढ्यात मांड्या, खांदे आणि त्यांहून अधिक मन थकते. प्रत्येक सेकंदाला काय करायचे ते ठरलेले असल्यामुळे दुसरा कोणताही विचार शिरत नाही. वीस मिनिटे दीर्घ वाटतात आणि तरी उतरल्यावर काही क्षणांची वाटतात. माणसाचे अवधान किती अल्पायुषी आहे, याचे इतके प्रत्यक्ष प्रमाण मला शस्त्रक्रियागृहाबाहेर क्वचित मिळाले. तेथेही दीर्घ शस्त्रक्रियेच्या शेवटच्या अर्ध्या तासात चुका संभवतात, हे आम्ही जाणतो आणि त्यानुसार माणसे बदलतो. तीन पाळ्या सलग करून रांजणगावच्या एमआयडीसीतून पहाटे घरी परतणाऱ्या कामगाराचे अवधान कोण मोजते?

दुपारच्या एका सत्रात माझ्या गटातला एक तरुण पडला. मी तेव्हा पिटच्या भिंतीजवळ उभा होतो. एका संथ वळणावर त्याचे पुढचे चाक सरकले, गाडी आडवी झाली आणि गाडी व स्वार वेगवेगळ्या रेषांनी ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जमिनीत घसरत गेले. तो थांबण्यापूर्वीच पिवळा झेंडा हलू लागला होता. मार्शल धावले, क्षणात लाल झेंडा आला, बाकीचे सारे हात वर करून परतले. तो स्वतःच उठला आणि चालत आला. सवयीने मी त्याला तपासले. त्याच्या अंगातल्या संरक्षक सूटच्या कोपरावरचे चामडे घासून इतके पातळ झाले होते की आतले अस्तर दिसत होते. खालची त्वचा अखंड होती. मनगट, गळपट्टी, बरगड्या, सगळे शाबूत. रस्त्यावर त्या वेगाने पडलेल्या मुलांच्या अंगावरचे कातडे मी तासन् तास स्वच्छ केले आहे, त्यात रुतलेली खडी चिमट्याने काढली आहे.

त्याने चूक केली होती. ती चूक शिरूर-चौफुला रस्त्यावर झाली असती तर त्याच्या वाटेत विजेचा खांब, दुभाजक, बाभळीचे खोड किंवा समोरून येणारा ट्रक असता. येथे तो पडला, पण आदळला नाही. त्याच्या आणि मृत्यूच्या मध्ये मोकळी जमीन, चामडे, झेंडा घेतलेला एक माणूस आणि सज्ज रुग्णवाहिका उभी होती, आणि यांतली एकही गोष्ट दैवाने दिलेली नव्हती. माणूस चुकणारच, हे आधी मान्य करून कोणीतरी ती विचारपूर्वक रचली होती. आपल्या समाजात अपघातानंतर दोन प्रश्न विचारले जातात : चूक कोणाची, आणि नशिबात काय होते. चूक झाल्यावरही जीव वाचेल अशी रचना का नव्हती, हा तिसरा प्रश्न मी फार थोड्या वेळा ऐकला आहे.

ट्रॅक म्हणजे अभयारण्य, असे मला सुचवायचे नाही. ऑगस्ट 2023 मध्ये याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा 13 वर्षांचा स्वार मृत्युमुखी पडला. इतक्या कोवळ्या वयाच्या मुलांनी स्पर्धेत उतरावे का, या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. शिकणे वेगळे आणि स्पर्धा वेगळी. ट्रॅक डेमध्ये क्रमांक नसतात, बक्षीस नसते, आणि तेच त्याचे मोल आहे.

वेगाला रस्त्यावरून उचलून वेगळी जागा देण्याची कल्पनाही दुःखातूनच जन्मली. 1903 च्या मे महिन्यात पॅरिस ते माद्रिद अशी मोटारींची शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून निघाली. वाटेत स्पर्धकांचे आणि प्रेक्षकांचे इतके बळी गेले की ती बोर्दो येथेच थांबवावी लागली. चारच वर्षांनी, 1907 मध्ये, इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे खास मोटारींसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग सुरू झाला. त्या समाजांनी वेगाची ओढ नाकारली नाही. त्यांनी तिला कुंपण आणि नियम दिले.

आणि हे आपल्याला अपरिचित आहे, असे तरी कसे म्हणावे? शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैलगाडा शर्यतींसाठी गावोगाव घाट, म्हणजे शर्यतीच्या ठरलेल्या धावपट्ट्या, आहेत. यात्रेच्या दिवशी, ठरलेल्या घाटात, ठरलेल्या बारीनुसार, म्हणजे पाळीने, गाडे धावतात. उरलेले वर्षभर कोणी तो वेग गावाच्या रस्त्यावर आणत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा या भागातील लोकांनी सात वर्षे निष्ठेने पाठपुरावा केला. 16 डिसेंबर 2021 रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आज शर्यतीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते. मला या तपासणीचे मनापासून समाधान आहे. मुक्या जनावराच्या बाबतीत जी काळजी आपण कायद्याने स्वीकारली, तीच आपल्या मुलांच्या बाबतीत स्वीकारण्यास आपण असमर्थ आहोत, असे मानायला मी तयार नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांतले सुमारे 44 टक्के दुचाकीवर होते. पुणे जिल्हा दुचाक्या घडवणारा जिल्हा आहे. आकुर्डी आणि चाकणचे नाव त्या व्यवसायात जगभर घेतले जाते. तरीही महाराष्ट्रात मोटारसायकलींसाठी आंतरराष्ट्रीय दर्जाचे पूर्ण लांबीचे एकही सर्किट नाही. कोल्हापूरसारख्या ठिकाणी कार्टिंगचे छोटे ट्रॅक आहेत. ते उभारणाऱ्यांचे मला कौतुक वाटते, पण शिरूर किंवा दौंडच्या विद्यार्थ्याने रविवारी सकाळी ब्रेक लावायला शिकण्यासाठी तेथवर जावे, ही अपेक्षा अवास्तव आहे.

मी सर्किट मागत नाही. मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहतींपैकी एकीत, किंवा दोन्हीत, सपाट डांबरी सराव मैदान असावे. चारशे-पाचशे मीटरचा सरळ पट्टा, दोन-तीन वळणे, बाजूला खांब-झाडे नसलेली मोकळी जमीन, एक प्रशिक्षक आणि एक रुग्णवाहिका एवढ्याने काम भागते. तेथे परवाना मागणाऱ्या प्रत्येकाने ताशी 60 वरून गाडी थांबवून दाखवावी, एबीएसची थरथर बोटांनी ओळखावी, मान वळवून वळण घ्यायला शिकावे. त्या वसाहतींतल्या कारखान्यांचे हजारो कामगार रोज दुचाकीवरून ये-जा करतात. त्यांच्या जिवाची किंमत जाणणाऱ्या व्यवस्थापनांना या कामी खर्चाचा वाटा उचलणे जड जाणार नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत या मैदानाच्या मागणीचा ठराव मांडा, तो इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत तहसीलदारांकडे व प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे पाठवा. पंचवीस-तीस गावांचे ठराव एकत्र आले तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही अधिकाऱ्याला कठीण जाईल. प्रशिक्षणाच्या वैद्यकीय बाजूची जबाबदारी घेण्यास मी तयार आहे, आणि या दोन तालुक्यांतले माझे काही व्यवसायबंधूही.